शून्य, तीन, सात, अठ्ठावीस: नागपुरात कुत्रा चावल्यावर काय करायचं

मला चावलेलं कुत्रं जेमतेम अडीच-तीन महिन्यांचं होतं. मानेवाडा रोडच्या आमच्या गल्लीत रोज सकाळी मी शिळ्या पोळ्यांचे तुकडे टाकायची. एका गुरुवारी त्या पिल्लानं पोळीसोबत माझा हातही धरला. अंगठा आणि पहिल्या बोटाच्या मधे दोन बारीक टोचे आले, मोहरीएवढं रक्त. शेजारच्या काकू म्हणाल्या, "काही नाही होत वो, पिल्लू आहे ते. दुधाचे दात." सासूबाई लाल तिखटाचा डबा घेऊन आल्या. घरमालकांनी खर्रा थुंकून सल्ला दिला की चुना लावा, विष ओढून घेतो.

तिघंही माझ्या भल्याचंच सांगत होते आणि तिघांचंही चुकीचं होतं. पुढच्या महिनाभरात मी एक खाजगी दवाखाना, एक सरकारी कॅज्युअल्टी, जनावरांचा डॉक्टर आणि मनपाचं झोन ऑफिस अशी वरात काढली. वाटेत जे कळलं ते इथं क्रमानं लिहिते आहे. तुम्हाला आत्ताच चावलं असेल तर थेट पहिल्या पायरीवर जा. बाकीचं हात धुताना कुणाला तरी वाचून दाखवायला सांगा.

सोबत काय ठेवायचं

- आधार कार्ड, चालू मोबाइल नंबर आणि केसपेपरसाठी सुटे पैसे
- रेबीजची लस आधी कधी घेतली असेल तर तिचं कार्ड, निदान तारखा
- रुग्णाचं वजन. खास करून लहान मुलाचं. सीरमची, म्हणजे जखमेत टोचायच्या औषधाची, मात्रा वजनावर ठरते आणि रांगेत वजनकाटा सापडेलच असं नाही
- धनुर्वाताचं इंजेक्शन शेवटचं कधी घेतलं, ते साल
- पाळीव कुत्रा किंवा मांजर असेल तर त्याचं लसीकरण पुस्तक
- चावलेल्या कुत्र्याचा फोनवर काढलेला फोटो. लांबून काढा, फोटोसाठी दुसऱ्यांदा चावून घेऊ नका
- प्लास्टिकचं पाकीट. लसीचं कार्ड महिनाभर टिकवायचं आहे, आणि आमच्या घरात पहिल्याच दिवशी त्यावर चहा सांडला होता

१. नळ सोडा आणि घड्याळ लावा

जखम वाहत्या पाण्याखाली धरा आणि साबणानं १५ मिनिटं धुवा. खरीखुरी १५ मिनिटं. मला वाटलं खूप वेळ झाला आणि घड्याळात पाहिलं तर चार मिनिटं झाली होती. म्हणून मोबाइलवर वेळ लावाच. कुठलाही साबण चालतो, कपड्यांचा किंवा भांड्यांचासुद्धा.

हे नुसतं स्वच्छतेसाठी नाही. रेबीजच्या विषाणूवर चरबीचं पातळ आवरण असतं आणि साबण ते फोडतो. आवरण फुटलं की विषाणू निकामी. जो वाचतो तो आधी जखमेच्या आसपास रेंगाळतो, मग मज्जातंतूत शिरून मेंदूकडे चढू लागतो. एकदा तंतूत शिरला की त्याच्यापर्यंत औषध पोचवणं फार अवघड. म्हणून तो जखमेत आहे तेवढा वेळच आपल्या हातात असतो. लक्षणं दिसू लागल्यावर हा आजार जवळपास शंभर टक्के जीव घेतो. तोवर मात्र तो जवळपास शंभर टक्के टाळता येतो. इतकी टोकाची दोन टोकं दुसऱ्या कुठल्या आजारात मला तरी माहीत नाहीत.

धुऊन झालं की पोव्हिडोन आयोडीन लावा, तेच ते बेटाडीन. मग जखम उघडी ठेवा. तिखट, हळद, चुना, तंबाखू, पेट्रोल, कॉफी पावडर यातलं काहीही भरायचं नाही. तिखटानं त्वचा आणखी सोलते आणि विषाणूला आत शिरायला वाट मोकळी होते. घट्ट पट्टी बांधू नका. टाके घालायची घाईही नको. जखम मोठी असेल आणि टाके लागणारच असतील, तर आधी जखमेत सीरम आणि मग टाके, हा क्रम डॉक्टरला आठवण करून द्यायला लाजू नका.

२. जखम किती मोठी, हे पाहू नका. कशी आहे ते पाहा

दवाखान्यात तीन वर्ग मानतात. तुमचा वर्ग कोणता ते तुम्हालाही कळलेलं बरं.

पहिला वर्ग: धड त्वचेला कुत्र्यानं चाटलं किंवा तुम्ही त्याला हात लावला, खाऊ घातलं. धुवा आणि कामाला लागा. लस नको.

दुसरा वर्ग: उघड्या त्वचेवर दात घासला, रक्त न येता ओरखडा आला. धुणं आणि लस.

तिसरा वर्ग: दात त्वचेतून आत गेला, रक्त आलं, आधीच फाटलेल्या त्वचेवर चाटलं, किंवा लाळ डोळ्यात, तोंडात गेली. धुणं, लस आणि जखमेत सीरम.

माझे ते दोन मोहरीएवढे थेंब तिसऱ्या वर्गातले होते. "एवढंसंच तर आहे" हे वाक्य या आजारात फसवं आहे. हाताची बोटं, चेहरा, मान इथं मज्जातंतू दाट असतात, म्हणून तिथली छोटी जखमही गंभीर धरतात. लहान मुलांना चेहऱ्यावर जास्त चावतं, कारण त्यांचं तोंड कुत्र्याच्या तोंडाच्या उंचीवर असतं. आणि मुलं मार पडेल म्हणून घरी सांगत नाहीत. जगभरात रेबीजनं जाणाऱ्यांत दहातले चार जण १५ वर्षांखालचे असतात. मुलांना एवढंच सांगून ठेवा की कुत्र्यानं ओरबाडलं तरी आई रागावणार नाही.

"मी डिवचलं म्हणून चावला, आपणहून नाही" याला काही अर्थ नाही. पिल्लालाही रेबीज होतो. मांजराचंही तसंच, माकडाचंही. आपल्याकडे लंगूर गच्चीवर येतात, त्यांनी चावलं किंवा ओरबाडलं तरी दवाखाना गाठायचा. घरातल्या उंदरानं कुरतडलं तर सहसा रेबीजची लस लागत नाही, पण ते डॉक्टरला ठरवू द्या.

३. कुठं जायचं

बाहेरगावाहून नुकतेच नागपुरात आलेल्यांसाठी आधी थोडं भाषांतर. इथं "मेडिकलला जा" म्हटलं की औषधाचं दुकान नव्हे. "मेडिकल" म्हणजे मेडिकल चौकातलं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि रुग्णालय. "मेयो" म्हणजे रेल्वे स्टेशनजवळ सेंट्रल अव्हेन्यूकडचं इंदिरा गांधी शासकीय वैद्यकीय महाविद्यालय. "एम्स" मिहानला. माझा नवरा मूळचा पुण्याचा. फोनवर मी "मेडिकलला ये" म्हटलं तर हा गल्लीतल्या केमिस्टकडे उभा राहून मला शोधत होता.

रेबीजची लस सरकारी रुग्णालयांत मोफत मिळते. जवळच्या मनपा आरोग्य केंद्रातही विचारा. जखम किरकोळ असेल तर तिथं काम लवकर होतं. रक्त आलं असेल, म्हणजे तिसरा वर्ग असेल, तर थेट मोठ्या रुग्णालयात जा, कारण सीरम ठेवणारी ठिकाणं कमी असतात. रात्री किंवा सुटीच्या दिवशी ओपीडी बंद असली तरी कॅज्युअल्टी चालू असते.

माझी चूक इथंच झाली. रांग नको म्हणून मी जवळच्या एका खाजगी दवाखान्यात गेले. त्यांनी धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं, लसीचा पहिला डोस दिला आणि गोळ्या लिहून दिल्या. सीरमचं नाव निघालं नाही. मलाही माहीत नव्हतं, म्हणून मी विचारलं नाही. धनुर्वाताचं इंजेक्शन म्हणजे रेबीजचं इंजेक्शन नव्हे, हेही कितीतरी लोकांना ठाऊक नसतं. "सुई घेतली ना, झालं" म्हणून ते घरी जातात. चिठ्ठीवर नेमकं काय दिलं ते वाचा. कळलं नाही तर विचारा.

४. सीरम: जे राहून जातं ते

लस शरीराला प्रतिपिंडं तयार करायला शिकवते. त्याला आठवडाभर तरी लागतो. तोवर जखमेतल्या विषाणूला रोखायचं कुणी? त्यासाठी तयार प्रतिपिंडं थेट जखमेत आणि जखमेभोवती टोचतात. बोलीत त्याला सीरम म्हणतात, कागदावर इम्युनोग्लोब्युलिन. घोड्याच्या रक्तापासून केलेलं स्वस्त असतं, त्याची मात्रा किलोमागे ४० युनिटपर्यंत. माणसाच्या रक्तापासून केलेलं महाग, त्याची किलोमागे २० युनिटपर्यंत. म्हणजे ६० किलोच्या माणसाला घोड्याचं जास्तीत जास्त २४०० युनिट. आता प्रयोगशाळेत बनवलेली मोनोक्लोनल प्रतिपिंडंही मिळतात. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटनं त्यातलं एक आणलं आहे. त्यांची मात्रा वेगळी असते.

माझा गुरुवार शून्य दिवस होता, म्हणजे दुसऱ्या डोसचा तिसरा दिवस रविवारी आला. खाजगी दवाखाना बंद. म्हणून कॅज्युअल्टीत गेले. तिथल्या निवासी डॉक्टर मुलीनं हात उलटसुलट पाहिला आणि विचारलं, "सीरम कुठंय?" मी म्हटलं, "ते काय असतं?" ती काही बोलली नाही, फक्त कार्डावरची तारीख दोनदा पाहिली. पहिल्या डोसपासून सात दिवसांच्या आत सीरम देता येतं. नंतर शरीराची स्वतःची प्रतिपिंडं येऊ लागतात, मग त्याचा उपयोग नसतो. मी तिसऱ्या दिवशी पोचले होते, म्हणून निभावलं.

दुखतं का? हो, दुखतं. अंगठा आणि बोटाच्या मधल्या त्या चिमूटभर जागेत सुई फिरवली तेव्हा मी भिंतीवरच्या डेंग्यूच्या पोस्टरमधला डास पाय मोजून पाठ केला. पण दोन मिनिटांचं काम आहे. सीरम कमरेत देऊन टाकतो असं कुणी म्हणालं तर थांबवा. ते जखमेत जायला हवं. घोड्याचं सीरम दिल्यावर थोडा वेळ तिथंच बसवून ठेवतात, ऍलर्जी होते का पाहायला. पळू नका.

आधी कधी रेबीजची लस पूर्ण घेतली असेल आणि त्याचा कागद असेल, तर सीरम लागत नाही आणि शून्य व तीन असे दोनच डोस पुरतात. म्हणून ते प्लास्टिकचं पाकीट महिन्यानंतरही जपा. दुसरीकडे, ज्यांची प्रतिकारशक्ती कमी आहे, कॅन्सरचे उपचार चालू आहेत, स्टेरॉइड चालू आहेत, त्यांनी ते आधीच सांगावं. त्यांना दुसऱ्या वर्गातही सीरम देतात. गरोदरपणात लस चालते. थांबायचं नाही.

५. तारखा भिंतीवर लिहा

सरकारी रुग्णालयात बहुतेक वेळा लस त्वचेत देतात: दोन्ही दंडांवर ०.१ मिली, दिवस ०, ३, ७ आणि २८. खाजगीत बऱ्याचदा स्नायूत देतात: एका वेळी एक पूर्ण डोस, दिवस ०, ३, ७, १४ आणि २८. त्वचेतला थेंब इतका छोटा असतो की माणसाला वाटतं फसवलं. फसवलेलं नाही. त्वचेत प्रतिकारपेशी दाट असतात म्हणून तेवढा पुरतो. नीट दिला तर मच्छर चावल्यासारखी फुगोटी येते. मधेच एका पद्धतीवरून दुसरीवर जाऊ नये. जावंच लागलं तर जुनं कार्ड दाखवून डॉक्टरलाच पुढचं ठरवू द्या. मला तसं करावं लागलं, आणि माझ्या कार्डावर दोन वेगळ्या अक्षरांत दोन वेगळी वेळापत्रकं आहेत.

मोजणीत लोक हमखास चुकतात. पहिला डोस घेतला तो दिवस शून्य, एक नव्हे. चावला तो दिवसही नव्हे. त्यातून एक सोयीची गोष्ट निघते: शून्य, सात आणि अठ्ठावीस एकाच वाराला येतात. गुरुवारी सुरू केलं तर सातव्या दिवशी गुरुवार, अठ्ठाविसाव्या दिवशीही गुरुवार. फक्त तिसरा दिवस वेगळ्या वारी, माझ्यासारख्या गुरुवारवाल्यांचा रविवारी. तेव्हा त्या रविवारी कॅज्युअल्टीत लस मिळेल का, हे पहिल्याच दिवशी विचारून घ्या. अठ्ठाविसावा डोस सगळ्यात जास्त चुकतो, कारण तोवर जखम भरलेली असते आणि भीती गेलेली असते. मी दुधवाल्याच्या कॅलेंडरवर लाल गोल केले होते.

एखादा डोस चुकला तर सगळं पहिल्यापासून सुरू करायचं नसतं. आठवण होताच जा, पुढचं तिथून चालू.

लस दंडावर घ्यायची. दोन वर्षांखालच्या मुलांना मांडीच्या बाहेरच्या बाजूला. ढुंगणावर कधीच नाही, तिथल्या चरबीत लस नीट लागू होत नाही. आणि पोटातली चौदा इंजेक्शनं? ती आता नाहीत. मेंढीच्या मेंदूपासून केलेली जुनी लस तशी द्यावी लागायची. २००५ च्या सुमारास आपल्या देशात तिचं उत्पादन बंद झालं. पण आमच्या सासूबाईंच्या पिढीची भीती अजून तिथंच आहे, आणि त्या भीतीपायी लोक दवाखान्यात जातच नाहीत. घरात कुणी वयस्क अडून बसलं असेल तर त्यांना दंडावरची ती बारीक फुगोटी दाखवा.

पथ्य काही नाही. वांगं चालतं, उडीद चालतो. "सावजी खाल्लं तर लस उतरते का?" असं नवऱ्यानं डॉक्टरला खरंच विचारलं. नाही उतरत. दारू मात्र त्या दिवसांत टाळलेली बरी.

६. कुत्र्यावर दहा दिवस नजर

रेबीजचं कुत्रं किंवा मांजर लाळेतून विषाणू सोडू लागलं की ते स्वतःही लवकरच मरतं. म्हणून चावल्यापासून दहा दिवस ते जिवंत आणि धडधाकट राहिलं, तर चावलं त्या वेळी त्याच्या लाळेत रेबीज नव्हता असं धरतात. हा नियम कुत्रा आणि मांजर यांनाच लागू. माकड, गाय, मुंगूस यांना नाही.

इथला सगळ्यात मोठा सापळा म्हणजे "दहा दिवस पाहू, मग लस घेऊ." असं करायचं नाही. लस आजच सुरू करायची आणि कुत्र्याकडे पाहत राहायचं. दहा दिवसांनी ते ठणठणीत दिसलं तर शेवटचे डोस कमी करायचे की नाही, ते डॉक्टर सांगतील.

भटक्या कुत्र्याला बांधून ठेवायला जाऊ नका. चहाटपरीवाला, चौकीदार, कोपऱ्यावरचा चिकनवाला यांना फोटो दाखवून ठेवा. गल्लीतलं कुत्रं कुठं आहे हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत नसतं. आमचा चिकनवाला मला रोज संध्याकाळी सांगायचा, "आहे जी तुमचं पिल्लू, झोपून राहिलं गाडीखाली."

कुत्रा मेला तर उघड्या हातानं उचलू नका. मनपाला कळवा आणि डॉक्टरलाही सांगा. मेलेल्या जनावरात रेबीजची खात्री मेंदूच्या नमुन्यावरून होते. जिवंत जनावरात तशी खात्री देणारी साधी तपासणी नाही, म्हणून "रक्त तपासून सांगा ना" या विनंतीला अर्थ नसतो.

७. पिसाळलंय की डिस्टेंपर?

पाचव्या दिवशी चिकनवाल्याचा सूर बदलला. पिल्लाच्या डोळ्यांत चिपडं, नाकातून पिवळं पाणी, तोंडानं चघळल्यासारखं करतंय, मधेच लाळ. सगळी गल्ली म्हणाली, पिसाळलं. कुणीतरी काठी आणली.

एका ओळखीच्या जनावरांच्या डॉक्टरनी हातमोजे घालून, जाड टॉवेल टाकून त्याला पिंजऱ्यात घेतलं. डोळ्याच्या पाण्याचा बोळा घेऊन किटवर तपासलं. कॅनाइन डिस्टेंपर निघालं. हाही विषाणूजन्य आजार, कुत्र्यांना जीवघेणा, पण तो माणसाला होत नाही. सुरुवातीला ताप, शिंका, हगवण. मग मेंदूवर जाऊन झटके, जबडा चघळल्यासारखा हलणं, एखादा पाय सतत उडणं. झटक्यांच्या टप्प्यात तो रेबीजसारखाच दिसतो. म्हणून डॉक्टर म्हणाले, "किट काहीही म्हणो, दहा दिवस पिंजऱ्यात, आणि तुम्ही लस थांबवायची नाही." किट डिस्टेंपर आहे म्हणतं, सोबत रेबीज नाही असं ते म्हणत नाही.

रेबीजचं कुत्रं नेहमी धावून येणारं नसतं. एक प्रकार तसा: चिडकं, दिसेल ते चावणारं, घोगरं भुंकणारं. दुसरा प्रकार मुका: कोपऱ्यात बसतं, खालचा जबडा लोंबतो, लाळ गळते, गिळता येत नाही. लोकांना दया येते, घशात हाड अडकलं असेल म्हणून ते तोंडात बोटं घालतात. घालू नका.

"पाणी पितंय, म्हणजे पिसाळलेलं नाही" हेही खोटं. पाण्याची भीती हे माणसातलं लक्षण आहे. कुत्रं पाण्यात तोंड घालतं, कधी डबक्यातून चालतही जातं. आणि ४५ अंशांच्या उन्हामुळं कुत्री पिसाळतात हेही नाही. रेबीज बाराही महिने असतो. मे महिन्यात कुत्री नालीत बसलेली दिसतात ती गारव्यासाठी.

८. गोठा असेल तर

हा भाग काटोल, कळमेश्वर, उमरेडकडं ज्यांचं शेत आहे त्यांच्यासाठी. आमच्या एका नातेवाइकांची गाय लाळ गाळू लागली, चारा सोडला, घोगरं हंबरू लागली. घशात संत्रं अडकलं असेल म्हणून तिघांनी कोपरापर्यंत हात घातला. गाय चार दिवसांत गेली. नंतर आठवलं, काही आठवड्यांपूर्वी गोठ्यात एक अनोळखी कुत्रं शिरलं होतं. हात घातलेल्या तिघांनाही पूर्ण लस आणि सीरम घ्यावं लागलं, कारण हातावर विळ्याच्या जुन्या जखमा होत्या.

तेव्हा गाय, म्हैस, बकरी एकाएकी असं वागली तर तोंडात हात घालायच्या आधी पशुवैद्यक. कुत्रं जनावराला चावलं असेल तर जखम साबणानं धुवायची, हातमोजे घालून. चावल्यानंतर जनावरांनाही लस देतात, तिचं वेळापत्रक पशुवैद्यक सांगतील. दूध न उकळता पिऊ नका. लम्पीशी गोंधळ करू नये: लम्पी त्वचारोगात अंगावर गाठी येतात, तो माणसाला होत नाही. रेबीजमध्ये अंगावर काहीच दिसत नाही.

९. पिल्लू घरी आणलंच तर

आमचं पिल्लू दहाव्या दिवशी जिवंत होतं. अकराव्या दिवशी त्यानं पिंजऱ्याचा पत्रा चावला. डिस्टेंपरमधून फार थोडी पिल्लं वाचतात. हे वाचलं, पण मागचा डावा पाय झोपेतही तालात उडत राहतो. नाव ठेवलं तर्री.

पिल्लाच्या लसी दोन वेगळ्या असतात, इथं लोक घोळ करतात. एक मिश्र लस: डिस्टेंपर, पार्व्हो, यकृताचा विषाणू वगैरे मिळून. ती सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू होते आणि साधारण सोळा आठवड्यांपर्यंत तीन-चार आठवड्यांनी पुन्हा द्यायची. दुसरी रेबीजची, तीन महिन्यांची झाल्यावर, मग बूस्टर, मग दर वर्षी. "सगळ्या लसी झाल्या" असं विकणारा म्हणाला तरी पुस्तकात रेबीजचं वेगळं स्टिकर आणि तारीख आहे का पाहा. आजारी पिल्लाला डॉक्टर लगेच लस देत नाहीत, तर्रीलाही बरं झाल्यावरच दिली.

पार्व्होबद्दल एक खास इशारा. रक्ताची हगवण, उलट्या, दोन दिवसांत पिल्लू गळून जातं. रेबीज आणि डिस्टेंपरचे विषाणू साबणानं मरतात, पार्व्होचा मरत नाही. त्याच्यावर चरबीचं आवरणच नाही. तो अंगणात कित्येक महिने टिकतो. पार्व्होनं पिल्लू गेलेल्या घरात लगेच दुसरं लस न दिलेलं पिल्लू आणू नका. फरशी घरगुती ब्लीचनं पुसा, एक भाग ब्लीच आणि तीस भाग पाणी, दहा मिनिटं ओलं राहू द्या.

आणि कुत्र्या-मांजरांना कच्चं चिकन घालू नका. २०२४ च्या शेवटी गोरेवाड्याच्या बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या बर्ड फ्लूनं गेले. मांजराच्या कुळाला तो आजार किती जड जातो ते तेव्हा कळलं. शिजवून घाला.

उपचारासाठी सेमिनरी हिल्सवरचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. रिक्षावाल्याला "वेटरनरी" म्हणा. सकाळी लवकर जा, पिल्लाला मोठ्या कुत्र्यांच्या रांगेत जमिनीवर सोडू नका, मांडीवर ठेवा.

१०. मनपाला कळवणं

मनपाचे दहा झोन आहेत. तुमचा कोणता ते मालमत्ता कराच्या पावतीवर सापडेल. अर्जात जागा, तारीख, कुत्र्याचा फोटो आणि केसपेपरची झेरॉक्स जोडा. पोच घ्या, नाहीतर तो अर्ज दिलाच नव्हता असं समजा.

"उचलून न्या" एवढंच लिहिलेल्या अर्जाचं फारसं काही होत नाही. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार भटक्या कुत्र्याची नसबंदी करून, रेबीजची लस देऊन त्याला त्याच जागी परत सोडायचं असतं. रेबीजचा संशय असलेला किंवा हल्लेखोर कुत्रा असेल तर गोष्ट वेगळी, ते अर्जात स्पष्ट लिहा. कानाचं टोक कापलेलं दिसलं की त्या कुत्र्याची नसबंदी झाली आहे असं समजायचं. गल्लीतल्या किती कुत्र्यांचे कान कापलेले नाहीत, हे मोजून लिहिलं तर अर्जाला वजन येतं. आमच्या गल्लीत अकरापैकी आठ निघाले.

खाऊ घालणाऱ्यांनी, म्हणजे माझ्यासारख्यांनी, हेही लक्षात ठेवायचं: सर्वोच्च न्यायालयाच्या २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात रस्त्यावर कुठंही खाऊ घालायला मनाई आहे. त्यासाठी प्रभागात ठरवून दिलेल्या जागा असायला हव्यात. आमच्या प्रभागातली जागा कोणती, हे विचारायला मी दुसरा अर्ज दिला आहे. पोच घेतली आहे. रोज कुत्र्यांत वावरणाऱ्यांनी चावायची वाट न पाहता आधीच लस घेऊन ठेवावी, दवाखान्यात "चावण्याआधीची लस" म्हणून विचारा.

तर्रीच्या रेबीज लसीची पुढची तारीख आता माझ्या कार्डाच्याच पाकिटात आहे.